खिलजी पठाण की तुर्क?
दिल्लीचे सुलतान खिलजी म्हणजे पठाणच असं म्हणतात, पण ते इतकं सरळ नाहीये. मूळ टोळी खलज, तुर्कीच, फक्त बरीच शतकं हेलमंड-गझनीच्या पट्ट्यात राहून इतकी तिथली झाली की १२९०ला जलालुद्दीन खिलजी गादीवर आला तेव्हा दिल्लीतले बाकीचे तुर्क सरदार यांना अफगाणच समजून नाकं मुरडत होते. (आपल्याला मात्र १२९६ला देवगिरीवर चालून आला तो त्याचा पुतण्या अलाउद्दीनच आठवतो!)

मला भारी वाटते ती या खलजांची भाषा. इराणमध्ये कुम-अराकच्या आसपासच्या खेड्यांत खलज अजून बोलतात. पायाला जुन्या तुर्कीत 'अदाक', आजच्या तुर्कस्तानात 'आयाक', आणि खलजमध्ये 'हदाक', म्हणजे जुना द तर टिकलाच, वर तो सुरुवातीचा ह त्याहून जुना मानतात.