क्लेशिवायचा पहिला सीझन: वॉरियर्स यंदा किती सामने जिंकतील?

अकरा_नंबर (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)
४ सप्टेंबर २०२४

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, नवा सीझन जवळ आलाय; आपल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या ट्रेनिंग कॅम्पला आता महिनाही उरला नाही. आमच्या घरी रोज रात्री जेवताना हाच वाद रंगतो. ८२ सामन्यांपैकी किती जिंकू? नवरा म्हणतो ५०, लेक म्हणतो ४०, आणि माझा आकडा दर दोन दिवसांनी बदलतो. म्हणून इथल्या जाणकारांना विचारते आहे.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते कळेल. सोलापूरला शाळेत असताना मी चार वर्षं संघात खेळले. सिमेंटचं मैदान, गुळगुळीत झालेला चेंडू, रिंगला जाळी नाही. आम्ही २००९ साली इकडे आलो आणि हिवाळ्यात करायचं काय म्हणून एकदा ऑरॅकलला, वॉरियर्सच्या तेव्हाच्या घरच्या मैदानावर, सामना बघायला गेलो. बार्ट ट्रेनने कोलिसियम स्टेशनला उतरायचं आणि पादचारी पुलावरून गर्दीबरोबर चालत जायचं. पुढे २०११च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) अकराव्या क्रमांकावर क्ले थॉम्पसन आला. त्याने नंबरही अकराच घेतला. लेक तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याचा पहिला शर्ट अकरा नंबरचा, मापाला दोन साइज मोठा घेतलेला. २३ जानेवारी २०१५ला सॅक्रामेंटोविरुद्ध क्लेने एका क्वार्टरमध्ये ३७ गुण केले, तेरापैकी तेरा शॉट आत, त्यात नऊ थ्री, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट. त्या रात्री आम्ही तिघं तिथे होतो. घरी परतेपर्यंत पोराचा आवाज बसला होता.

आणि यंदा एप्रिलमध्ये, त्याच सॅक्रामेंटोविरुद्ध प्ले-इनला (प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, शेवटच्या जागांसाठीच्या सामन्यात), क्लेचे दहाच्या दहा शॉट बाहेर. आपण ११८-९४ हरलो. मी टीव्ही बंद केला नाही. पुन्हा या शर्टात तो दिसायचा नाही हे मनाला कळलं होतं, म्हणून शेवटच्या शिट्टीपर्यंत बसून राहिले.

जुलैत तो डॅलसला गेला. सहा संघांमधल्या त्या मोठ्या ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) आपल्याकडे बडी हील्ड आणि काइल अँडरसन आले. दीअँथनी मेल्टनला एका वर्षासाठी घेतलं. क्रिस पॉलला सोडलं, तो सॅन अँटोनिओला गेला. शारिच डेन्व्हरला. उटाहच्या लॉरी मार्कानेनसाठी महिनाभर बोलणी चालल्याच्या बातम्या येत राहिल्या आणि शेवटी त्याने उटाहबरोबरच करार वाढवला. म्हणजे एक मोठा खेळाडू गेला, तीन मध्यम ताकदीचे आले, आणि आपला मुख्य स्कोअरर स्टेफ करी, त्याच्या जोडीला दुसरा भरवशाचा स्कोअरर मिळालाच नाही.

आता माझा हिशेब. मागच्या सीझनला ४६ विजय मिळवूनही आपण वेस्टमध्ये, म्हणजे लीगच्या पश्चिम विभागात, दहावे होतो. पण हरलेले सामने नीट आठवा. नोव्हेंबरमध्ये सॅक्रामेंटोत २४ गुणांची आघाडी घालवून १२४-१२३. जानेवारीत घरच्या मैदानावर चौथ्या क्वार्टरमध्ये १८ने पुढे असताना डेन्व्हरच्या योकिचने अर्ध्या कोर्टाजवळून फेकलेला तो चेंडू, १३०-१२७. मग लेकर्सबरोबर डबल ओव्हरटाइम, १४५-१४४. हे तीनच सामने जिंकले असते तरी ४९ झाले असते, म्हणजे सहाव्या आलेल्या फिनिक्सच्या बरोबरीला. बाहेरच्या मैदानांवर २५ विजय-१६ पराभव आणि घरी २१-२० असा उलटा हिशेब मी कधी पाहिला नव्हता.

शिवाय त्या वर्षी काय काय झालं! आपला ड्रेमंड ग्रीन दोन वेळच्या बंदीत सतरा सामने बाहेर बसला. आणि जानेवारीत सहाय्यक कोच डेयान मिलोयेविच सॉल्ट लेक सिटीत अचानक गेले. संघाच्या जेवणाच्या टेबलावर माणूस कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी नसतो. त्यानंतर ही मुलं खेळायला कशी उभी राहिली, याचाच मला आदर वाटतो.

तेव्हा माझा आजचा आकडा ४४, नववा नंबर. करी मार्चमध्ये ३७चा होईल. ज्या रात्री त्याचा नेम लागणार नाही त्या रात्री गुण कोण करणार, हे मला दिसत नाही.

तुम्ही तिघांपैकी कुणाच्या बाजूने? आकडा सांगा, आणि क्लेच्या जागी सुरुवातीला कोण उतरेल तेही सांगा. हील्ड, मेल्टन, की आपल्याकडचेच तरुण पॉडझेम्स्की आणि मूडी यांतला कुणी?

---

वरळीकर२०१९
४ सप्टेंबर २०२४

ताई, मी तुमच्या यजमानांच्या बाजूने. ५०.

हील्डला मी प्रत्यक्ष पाहिलंय. ऑक्टोबर २०१९मध्ये सॅक्रामेंटो किंग्स (हील्ड तेव्हा त्यांच्याकडे) आणि इंडियाना पेसर्स मुंबईत आले होते, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, एनबीएचे भारतातले पहिले सामने. मालक विवेक रणदिवे आपल्या मुंबईचे म्हणून आम्ही सगळे किंग्सच्या बाजूने. मी दुसऱ्या सामन्याला होतो आणि वेळेच्या बराच आधी जाऊन बसलो होतो. वॉर्म-अपमध्ये हील्ड एका कोपऱ्यातून थ्री मारत दुसऱ्या कोपऱ्यात जायचा आणि परत यायचा. माझ्या शेजारच्या पोराने मोजायला सुरुवात केली आणि नाद सोडला. सामना पेसर्सनी सहज मारला, पण माझ्या डोळ्यांसमोर अजून तो सरावच आहे.

सांगायचं असं की हा माणूस सामने चुकवत नाही. करिअरमध्ये थ्रीचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास. मेमध्ये प्लेऑफला न्यूयॉर्कविरुद्ध सहाव्या सामन्यात त्याचा तेव्हाचा संघ फिलाडेल्फिया बुडत असताना बेंचवरून येऊन त्याने २० गुण केले. इतकी वर्षं खेळून पहिल्यांदाच प्लेऑफ खेळत होता तो. अशा भुकेल्या माणसाला करीच्या शेजारी मोकळी जागा मिळणार आहे.

आणि करी संपला म्हणणाऱ्यांनी पॅरिस ऑलिंपिकची फायनल परत बघावी. आपल्याकडे रात्री एक वाजता सुरू झाली. शेवटच्या तीन मिनिटांत त्याने फ्रान्सवर चार थ्री मारले तेव्हा बिल्डिंगमधले दोन दिवे माझ्या ओरडण्याने लागले.

सुरुवात मेल्टन, हील्ड बेंचवरून.

---

प्लेनो_मॅव्ह्ज
५ सप्टेंबर २०२४

मी डॅलसकडचा, तरी बोलतो.

क्लेबद्दल तुमच्या मनात काय आहे ते समजतं. डर्क नोवित्स्कीने आमच्या डॅलस मॅव्हरिक्समध्ये एकवीस सीझन काढले. तो दुसऱ्या शर्टात दिसला असता तर मला जेवण गेलं नसतं. पण आमच्या बाजूने बघा. जूनमध्ये फायनलला बॉस्टनने आम्हाला ४-१ हरवलं. आमचा मुख्य खेळाडू लुका डाँचिच, त्याला दोघं-तिघं घेरायचे, तो चेंडू कोपऱ्यात द्यायचा आणि तिथल्या माणसाचा शॉट पडायचा नाही. क्लेला आम्ही नेमकं त्या कोपऱ्यासाठी आणलंय. मागच्या वर्षी खराब खेळला म्हणता, तरी सरासरी १७.९ आणि थ्री ३८.७ टक्के. आमच्याकडे त्याला ३१ नंबर मिळालाय. तुमचा अकरा तुमच्याकडेच राहिला.

तुमच्या संघाचं मात्र मला कठीण दिसतं. वेस्टमध्ये खाली कोण जाणार? ओक्लाहोमाने कारूसो आणि हार्टनस्टाइन घेतले. मेम्फिसचा मोरँट परत येतोय. ह्यूस्टनची पोरं ४१ जिंकून बसलीत. सॅक्रामेंटोकडे डीरोझन आला. एकटे क्लिपर्स घसरतील, पॉल जॉर्ज गेल्यामुळे. तुम्हाला वर सरकायचं तर दोन-तीन जणांनी खाली यायला हवं, आणि ते मला दिसत नाहीत.

४२. दहावा नंबर.

---

नागपाडा_पॉइंटगार्ड
५ सप्टेंबर २०२४

मी लहानपणापासून मुंबईत नागपाड्याच्या बास्केटबॉल कोर्टवर वाढलो आणि आता शाळेतल्या मुलांना शिकवतो, त्यामुळे माझी नजर आकड्यांपेक्षा कोर्टवरच्या जागेवर जाते.

खरी गाठ क्लेच्या जागी नाही, पुढच्या फळीत आहे. कुमिंगा, ड्रेमंड आणि ट्रेस जॅक्सन-डेव्हिस एकत्र उतरले की समोरचा संघ रिंगपाशी गर्दी करतो. ट्रेस बाहेरून मारतच नाही. ड्रेमंडने मागच्या वर्षी जवळपास ४० टक्के थ्री टाकले, तरी त्याला अजून कोणी मनावर घेत नाही, मोकळा सोडतात. मग कुमिंगाला आत शिरायला वाट राहत नाही, आणि त्याचा सगळा खेळ तर आत शिरण्याचा. मागच्या वर्षी या मुलाने १६.१ची सरासरी गाठली ती बरीचशी वाट मोकळी असताना. आता यात काइल अँडरसनची भर. पास सुंदर देतो, डोकं फार चांगलं, पण बाहेरून नेम नाही.

क्लेचं इथे महत्त्व होतं, आणि ते गुणांच्या रकान्यात दिसत नाही. तो चेंडूशिवाय पळायचा. शॉट लागो न लागो, त्याच्यामागे एक माणूस पळालाच पाहिजे. दुसऱ्या बाजूला करी पळतोय. दोन माणसं अशी ओढली गेली की मधली वाट आपोआप उघडते. शून्य गुणांच्या त्या रात्रीसुद्धा त्याला कोणी मोकळं सोडलं नव्हतं. हील्डही पळतो, पण बचाव करणाऱ्याला क्लेची जी भीती होती ती त्याची आहे का, हे पहिल्या वीस सामन्यांत कळेल.

बचाव मात्र सुधारणार, हे मी खात्रीने सांगतो. मेल्टन चेंडूवर चिकटून राहतो, हात चपळ आहेत. त्याची पाठ सांभाळावी लागेल, मागच्या वर्षी त्यापायी ३८च सामने खेळला. बचावासाठी स्टॅकहाउस कोच म्हणून आलाय, आक्रमणासाठी टेरी स्टॉट्स. बारा जण जवळपास सारख्या ताकदीचे असले की म्हातारे पाय वाचतात. मुख्य कोच स्टीव्ह कर त्यांना चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत फिरवू शकतो.

४६ किंवा ४७, आठवा नंबर. कुमिंगा बाहेरून ३८ टक्क्यांवर गेला तर सहावा.

---

अकरा_नंबर
६ सप्टेंबर २०२४

तुम्हा तिघांची उत्तरं मी काल रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. लेक डेव्हिसहून घरी आला होता. प्लेनोकरांचं उत्तर ऐकून त्याने टेबलावर हात आपटला, नागपाडाकरांचं ऐकून गप्प झाला.

नागपाडाकर, तुम्ही लिहिलंत ते मला शाळेत सरांनी शिकवलं होतं आणि मी विसरले होते. माझ्या हाती चेंडू क्वचित यायचा. मी उंच नव्हते, माझं काम पळण्याचं. सर म्हणायचे, तू पळालीस की मागे जागा होते, ती तुझी कमाई. आज सकाळी तो सॅक्रामेंटोचा सामना पुन्हा लावला, एप्रिलनंतर पहिल्यांदाच. क्ले खरंच शेवटपर्यंत पळतोय. दहावा शॉट हुकल्यावरही सहकाऱ्याने धरलेल्या आडोशामागून वळून कोपऱ्यात जातोय, आणि त्याच्यामागे माणूस धावतोय. मला त्या रात्री फक्त शून्य दिसलं होतं.

म्हणून माझ्या प्रश्नाचं उत्तर मला थोडं बदलावं लागतंय. त्या जागी मी हील्डला सुरुवात देणार नाही. बचावासाठी मेल्टन आणि चेंडूशिवाय पळण्यासाठी मूडी, या दोघांत वेळ वाटावा. मूडीने तीन वर्षं बेंचवर बसून एकदाही तोंड वाकडं केलेलं मी पाहिलं नाही, आणि जेव्हा उतरवला तेव्हा कोपऱ्यातून नेम धरून मारला. हील्ड बेंचवरून, वरळीकर म्हणतात तसं. तो ताज्या पायांनी आला की दुसऱ्या संघाची बेंच त्याच्यामागे दमेल.

वरळीकर, एक गोष्ट तुम्हाला आवडेल. हील्ड बहामाजचा, आणि क्लेचे वडील मायकल थॉम्पसन यांचा जन्मही बहामाजमध्येच झाला. मला हे कळलं तेव्हापासून हील्ड परका वाटेनासा झाला.

प्लेनोकर, तुमचं वेस्टचं गणित मी वहीत मांडून पाहिलं. घसरणारे मला दोन दिसतात. क्लिपर्स तर तुम्हीच सांगितलेत. दुसरे लेकर्स, कारण त्यांनी उन्हाळ्यात कोच बदलला पण संघात जवळपास काहीच हलवलं नाही, आणि लेब्रॉन डिसेंबरमध्ये चाळीसचा होईल. न्यू ऑर्लीन्सकडे डीजाँटे मरे आला असला तरी तिथे कोणी ना कोणी जखमी असतंच. तेव्हा ४२ला मी राजी नाही. क्लेला मात्र सांभाळा. २०१९च्या फायनलमध्ये त्याचा गुडघा गेला, परत येतो येतो म्हणता टाच गेली, ९४१ दिवस तो खेळला नाही. ९ जानेवारी २०२२ला परतला तेव्हा पहिला चेंडू त्याच्या हातात आला आणि आपल्या आताच्या मैदानावर, चेस सेंटरला, सगळे प्रेक्षक उभे राहिले होते. वाईट दिवशी त्याला बेंचवर बसवाल तेव्हा आधी त्याच्याशी बोला. फेब्रुवारीत आपण त्याला बेंचवर बसवलं, त्याला ते फार लागलं, आणि त्याच रात्री उटाहविरुद्ध त्याने ३५ केले.

घरातला वादही थोडा मिटला. लेक ४०वरून ४५वर आला. नवरा अजून ५०वरच, कारण गेल्या आठवड्यात करीने एक वर्षाचा करार वाढवला आणि तेव्हापासून घरात त्याच्याशी बोलता येत नाही.

माझा आकडा ४७, सातवा नंबर. कुमिंगा आणि ड्रेमंड एकत्र खेळायला शिकले तर. डिसेंबरपर्यंत ते जमलं नाही तर ट्रेडच्या फेब्रुवारीतल्या मुदतीआधी आपले जनरल मॅनेजर डनलेव्ही कुणाला तरी आणतील असं मला वाटतं, आणि त्यात आपला अँड्र्यू विगिन्स जाईल. २०२२च्या फायनलमध्ये त्याने बॉस्टनच्या टेटमला जसं रोखून धरलं होतं ते आठवून मला आत्ताच वाईट वाटतंय.

१२ नोव्हेंबरला डॅलस चेस सेंटरला येतंय. तीन तिकिटं काढली आहेत, वरच्या मजल्यावरची. लेकाचा तो जुना शर्ट त्याला आता दंडापर्यंतसुद्धा येत नाही, मी धुऊन इस्त्री करून ठेवलाय, हातात धरून उभी राहणार आहे. वॉर्म स्प्रिंग्जहून साडेचारची बार्ट पकडू, सॅन फ्रान्सिस्कोत उतरून म्यूनीच्या ट्राममध्ये बसू. बे एरियातलं कुणी येणार असेल तर इथेच कळवा, डबे मी आणते.