स्पेक्ट्रोचा जुना पीसी मरायला टेकलाय, सुटे भाग मिळेनात. काय करावं?

शिरोलीकर:
मंडळी, आमची कोल्हापुरात फाउंड्री आहे. हीट, म्हणजे भट्टीतला वितळलेला धातू, ओतायच्या आधी सॅम्पल स्पेक्ट्रोवर (धातूत कुठलं मूलद्रव्य किती ते मोजणाऱ्या मशीनवर) मारतो; कार्बन-सिलिकॉनचं प्रमाण बसल्याशिवाय लॅडल (धातू ओतायचं भांडं) हलत नाही. मशीन अजून ठणठणीत आहे, पण त्याचा पीसी विंडोज एक्सपीवर चालतो, जुन्या पद्धतीची आयडीई हार्डडिस्क, आत मशीनशी बोलणारं लांबलचक आयएसए कार्ड (जुन्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसणारं) आणि मागे जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली. हल्ली सकाळी दोन-तीनदा बटण दाबल्यावर चालू होतो. कंपनीवाले म्हणतात, सपोर्ट बंद, नवीन मशीन घ्या. मालक म्हणतात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तसलेच दोन जुने पीसी आणून ठेव. पटतं का?

भोसरी_मेंटेनन्स:
पीसी आणा, पण ते दुसरं काम. पहिलं काम म्हणजे आजच्या आज डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण प्रत, काढा. त्यासाठी क्लोनझिला हे सॉफ्टवेअर चालेल, डिस्क वाचताना अडखळली तर डीडीरेस्क्यू. इमेज दोन ठिकाणी ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून खरंच बूट होते का बघा. न तपासलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. नंतर हार्डडिस्कच्या जागी आयडीई अडॅप्टरवर इंडस्ट्रियल सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड टाका, पीसीला कायमची डिस्क म्हणून दिसणारं फिक्स्ड डिस्क मोडवालंच घ्या.

बायोसच्या (पीसी चालू होतानाच्या मूळ सेटिंगच्या) प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल उतरला की ती सेटिंग पुसतात, आयएसए कार्डासाठी राखलेला आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) जातो, आणि मग कार्ड सापडत नाही म्हणून लोक कार्डालाच शिव्या घालतात.

सकाळी उशिरा चालू होतो म्हणजे पहिला संशय एसएमपीएसवर (पीसीच्या पॉवर सप्लायवर). बोर्डावर प्रोसेसरजवळचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेत का तेही बघा.

नवखा_आयटी:
व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या पीसीत सॉफ्टवेअरने बनवलेल्या पीसीत) एक्सपी टाका की! जुनं हार्डवेअर कशाला सांभाळायचं?

भोसरी_मेंटेनन्स:
आणि आयएसए कार्ड कुठे खोचणार, लॅपटॉपच्या यूएसबीत? नुसतं सॉफ्टवेअर असतं तर मीही तेच सांगितलं असतं. डोंगलचंही तसंच. पीसीआय स्लॉटमध्ये पॅरलल कार्ड टाकलं तर जुन्या पॅरलल पोर्टचा ठरलेला पत्ता ३७८ मिळेलच असं नाही, आणि बरीच जुनी सॉफ्टवेअर तोच पत्ता धरून बसतात. आयएसए स्लॉटवाले इंडस्ट्रियल मदरबोर्ड अजून नवे मिळतात. महाग आहेत, पण नव्या स्पेक्ट्रोपुढे काहीच नाहीत.

पर्चेसवाली:
जुने पीसी आणलेत तर कपाटात कोंडून ठेवू नका, दर दोन-तीन महिन्यांनी तासभर चालवा. पडून राहिले तरी कपॅसिटर खराब होतात. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच बंद झालेत, त्यामुळे तो पीसी लॅनला जोडूच नका. पेनड्राइव्हही ठरलेला एकच.

पुढची कुठलीही मशीन घेताना पीओ (खरेदी ऑर्डर) द्यायच्या आधी आतला बोर्ड कधीपर्यंत मिळणार ते लेखी मागा. घरगुती बोर्ड एक-दोन वर्षांत बाजारातून जातो, एम्बेडेड (मशीनमध्ये बसवायच्या) मालिकेतला सहसा सात-दहा वर्षं मिळतो. बंद करताना ते शेवटच्या ऑर्डरची तारीख कळवतात. ती नोटीस डीलरकडे न अडकता तुमच्या मेलवर येईल अशी अट घाला. विंडोजमध्येही तसंच. साध्या विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण मशीनसाठीच्या आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ या आवृत्तीला जानेवारी २०३२ पर्यंत आहे.

शिरोलीकर:
आभारी आहे. इमेज निघाली, दुसऱ्या डिस्कवर बूटही झाली. कपॅसिटर ठीक दिसतात. नवा एसएमपीएस लावला तर पीसी झटक्यात चालू, पण कार्ड बोलतच नाही. जुना लावला की बोलतं.

भोसरी_मेंटेनन्स:
जुन्याच्या कनेक्टरमध्ये पांढरी तार आहे का? ती उणे ५ व्होल्टची. नव्या एसएमपीएसमधून ती कधीच काढून टाकली, आणि काही जुन्या आयएसए कार्डांना ती लागते.

शिरोलीकर:
आहे! नव्यात ती जागा रिकामी आहे.

भोसरी_मेंटेनन्स:
मग नव्याच्या उणे १२ व्होल्टवरून ७९०५ रेग्युलेटर (उणे ५ व्होल्ट स्थिर देणारा छोटा सुटा भाग) लावून उणे ५ काढा, दोन्ही बाजूंना छोटे कपॅसिटर द्या. कार्ड लावण्याआधी मीटरवर व्होल्टेज बघा. आणि ७९०५ चा पत्रा ग्राउंड नसतो, इनपुटला जोडलेला असतो. मध्ये मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) न घालता कॅबिनेटला स्क्रूने आवळू नका.