उंदीर दात करकरवतो, डोळे बाहेर येतात, खूश आहे की दुखतंय?

चकली_चहा: नमस्कार मंडळी, आमच्याकडे पाळीव उंदीर आहे, नर, काळापांढरा, नाव बाकरवडी. दुकानवाल्याने एकटाच दिला, म्हणाला एकटा मस्त राहतो. मांडीवर घेतला की दात करकर वाजवतो आणि डोळे असे आतबाहेर व्हायला लागतात की आई परवा किंचाळलीच. आणि आज सकाळी डोळ्याच्या कडेला लाल लागलेलं दिसलं, रक्तच वाटलं. खातोय पितोय, पण आधी दाराशी धावत यायचा तो आता दिवसभर कोपऱ्यात पडून असतो. घरचे म्हणतात उंदराला कसलं आलंय मन. कसं ओळखायचं सांगा ना.

मूषकवाला: डोळ्यांचं टेन्शन घेऊ नका. जबड्याचा एक स्नायू डोळ्यामागून जातो, दात जोरात घासले की डोळे पण हलतात. अंग सैल सोडून, डोळे अर्धे मिटून करत असेल तर स्वारी खुशीत आहे. पण तोच आवाज केस पिंजारून, पाठ वर काढून बसलेला असताना आला तर दुखत असू शकतं, म्हणजे नुसत्या दातांवर जाऊ नका, पूर्ण अंग बघा. लाल आहे ते बहुतेक रक्त नाही, पॉर्फिरिन आहे, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येतं. झोपून उठल्यावर किंचित दिसलं तर चालतं, रोज यायला लागलं तर ताण नाहीतर आजार.

पेणचा_पाटील: गणपतीत मखरापाशी बसवा, मोदक मिळाले की मूड येईल 😄

रानडुक्कर_नाही_उंदीर: दुकानवाल्याचं सोडा हो, त्याला विकायचा होता. उंदीर कळपातला प्राणी, एकमेकांना चाटणार, एकावर एक पडून झोपणार, माणूस कितीही वेळ देवो रात्री तो जागा असतो तेव्हा आपण घोरत असतो. आणि मन नाही म्हणणाऱ्यांना सांगा, अमेरिकेत याक पँक्सेप नावाच्या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात उंदरांना गुदगुल्या केल्या तर ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवायला लागले आणि परत परत हाताकडे यायला लागले. घाबरले की २२ च्या आसपासचा लांब आवाज काढतात. आपल्याला २० च्या वरचं ऐकू येत नाही म्हणून आपल्याला वाटतं गप्प बसलाय. दुसरा आणा, पण नरच आणा, मादी आणलीत तर तीन आठवड्यात डझनभर बाकरवड्या.

मूषकवाला: +१, पण आधी आत्ताच्याला डॉक्टर दाखवा, कुत्रामांजरवाला नको, उंदीर-ससे बघणारा शोधा. कोपऱ्यात पडून राहणं मला आवडलं नाही. कानाजवळ धरून बघा, श्वासाला खरखर येते का? यांना छातीचं इन्फेक्शन पटकन होतं. पिंजऱ्यात देवदारचा भुसा असेल तर आजच काढा. आणि पिंजरा उन्हात ठेवू नका, उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, शेपटीतून उष्णता टाकतो, तिशीच्या वर तापमान गेलं की हाल होतात.

चकली_चहा: खरखर येतेय बहुतेक 😟 आणि भुसा तोच आहे, दुकानवाल्यानेच दिलेला. आत्ता काढून जुने टी-शर्ट फाडून टाकतेय, उद्या डॉक्टरकडे नेते. दुसरा आणला तर लगेच एकत्र ठेवायचा का?

रानडुक्कर_नाही_उंदीर: अजिबात नाही! बाकरवडी बरा होईपर्यंत आणूच नका, आणि आणल्यावर दोनेक आठवडे वेगळ्या खोलीत. मग दोघांनाही नवीन असलेल्या जागी भेटवा, पलंगावर वगैरे. एकमेकांना उताणं पाडतील, चीं चीं करतील, ते चालतं. केस फुगवून आडवं चालत ढकलायला लागले तर मध्ये टॉवेल घाला, हात नको, चावा खोल बसतो.