मदत हवी आहे: जुना चेनसॉ रेस दिली की बंद पडतो

बोरिवलीचा_बाळ्या
मामाचा जुना चेनसॉ संगमेश्वरहून आणलाय, गॅलरीत खोलून बसलोय. चोकवर चालू होतो, रेस दिली की घुसमटून बंद. प्लग नवा टाकला, कार्ब (कार्ब्युरेटर) धुतला. शिवाय ताकद वाढवायला सायलेन्सरला भोकं पाडायची आहेत, किती मिमीची पाडू? शनिवारी परत न्यायचाय, लवकर सांगा.

फिटर_परळ
कंपनी? सीसी? पेट्रोलमध्ये ऑइलचं मिक्स किती?

बोरिवलीचा_बाळ्या
पाटी निघून गेलीय. चेन फिरते ती पट्टी १८ इंची आहे. पेट्रोल नेहमीचंच, टू-टी ऑइल अंदाजाने घातलंय.

कोकणी_काका
अंदाजाने?? जुन्या मशीनला लिटरला ४० मिली, डोळे झाकून.

दोन_स्ट्रोक
काका, आजच्या चांगल्या ऑइलला २० मिली पुरतं. ऑइल वाढवलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी जातं, मशीन आणखी लीन चालते, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी.

कोकणी_काका
आमच्या बागेत तुमच्या जन्माआधीपासून मशीन चालतेय.

हरित_मुलुंड
मुंबईत झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते, माहीत आहे ना?

बोरिवलीचा_बाळ्या
अहो, गावाला फणस पडलाय, वाऱ्याने!

फिटर_परळ
चोकवर चालतो नि रेसवर मरतो म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर कुठूनतरी हवा ओढतोय. टाकीतली नळी तारेच्या आकड्याने बाहेर काढ, वाकवून चिरा बघ. इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलने जुनं रबर लवकर जातं. फिल्टर बदल. मग कार्बचं झाकण काढून डायफ्राम (आतला पातळ पडदा) बघ. मऊ हवा. पापडासारखा कडक झाला असेल तर कार्ब कितीही धू, फरक पडणार नाही. कार्बवरचा नंबर घेऊन नागदेवीला पार्ट्सच्या बाजारात जा, डायफ्रामचं किट त्या नंबरवर मागायचं.
सायलेन्सर काढच, पण भोकांसाठी नाही. एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन दिसतो. त्यावर उभे ओरखडे असतील तर इंजिनच गेलंय, किटचे पैसे वाचव. जाळीत काजळी असेल तर ती साफ कर, गेलेली ताकद बरीचशी तिथेच सापडते. भोकं पाडलीस नि कार्बचा एच स्क्रू उघडून मिश्रण रिच केलं (पेट्रोल वाढवलं) नाहीस, तर पिस्टन सीझ, म्हणजे जाम.

गॅजेट_ठाणे
बॅटरीवाला घ्या ना. आवाज नाही, कटकट नाही.

दोन_स्ट्रोक
पडलेला फणस कापायचाय, कुंडीतली तुळस नाही.

तुतारी_प्रवासी
गाडीने नेणार असाल तर टाकी रिकामी करा, रेल्वेत पेट्रोल नेता येत नाही.

बोरिवलीचा_बाळ्या
डायफ्राम काढला. कडकच आहे, कडेला लाटा आल्यात. उद्या नागदेवी.

फिटर_परळ
चेन ब्रेक लागतो का? पुढचा गार्ड ढकलून बघ.

बोरिवलीचा_बाळ्या
ते हँडलपुढचं प्लास्टिक? ते तुटलं होतं, मामाने काढून टाकलं.

फिटर_परळ
मग नागदेवीला आधी ते शोध. पट्टीचं टोक लाकडात अडकलं की मशीन उलटी तोंडावर येते. गार्डशिवाय ती मामाच्या हातात देऊ नकोस.

कोकणी_काका
फणसाचं खोड किती जाड आहे? विकणार का? देव्हारा करायचाय.