शब्दचर्चा : घाट म्हणजे वाट, पायऱ्या की अख्खा डोंगर?

प्रश्न

नमस्कार मंडळी. शाळेच्या भिंतीवर तालुक्याच्या भूगोलाचा फलक रंगवून घेते आहे. मजकुरात मी लिहिलं होतं, ‘आपला तालुका पश्चिम घाट या पर्वतरांगेच्या पायथ्याशी वसला आहे.’ रंगारीकाका गावातलेच, साठीच्या पुढचे. ब्रश डब्यात ठेवून म्हणाले, ‘‘बाई, घाट चढत्यात न् उतरत्यात. घाट म्हंजे वाट. डोंगराला डोंगर म्हना की.’’ मला उत्तर सुचलं नाही. पुस्तकांत तर ‘पश्चिम घाट’ आणि ‘सह्याद्री’ दोन्ही सर्रास येतात. मग बरोबर काय?

दुसरं, ‘जिऑमॉर्फॉलॉजी’ला, म्हणजे जमिनीच्या आकारांच्या शास्त्राला, भूरूपशास्त्र म्हणावं, भूमिरूपविज्ञान की भू-आकृतिविज्ञान? सातवीच्या मुलांना कळेल असा शब्द हवा आहे.

प्रतिसाद

ताई, काकांचं शंभर टक्के बरोबर आहे. नाणेघाट, बोरघाट, कुंभार्ली, आंबा, फोंडा ही सगळी चढणीची नावं आहेत, शिखरांची नव्हेत. शिखराला आपण कळसूबाई म्हणतो, साल्हेर म्हणतो. नदीवरचा घाटही उतरण्याचाच, पायऱ्यांचा. संस्कृत ‘घट्ट’शी त्याचं नातं सांगतात.

मग डोंगराला घाट कुणी केलं? किनाऱ्यावर उतरलेल्या परक्यांनी. पोर्तुगीज आले, मागून इंग्रज आले. आत जायचं तर ‘घाटावर’ जावं लागतं, एवढंच त्यांच्या कानावर पडत होतं. वाटेचं नाव त्यांनी अख्ख्या रांगेला देऊन टाकलं, ते नकाशांवर चढलं आणि तिथून भाषांतर होऊन आपल्याच पुस्तकांत परत आलं. आपलं नाव सह्याद्री, किंवा संस्कृतात नुसता सह्य.

पण या चुकीच्या नावातही एक खरी गोष्ट दडलेली आहे आणि या रांगेच्या अभ्यासाचा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो. सह्याद्री हिमालयासारखा वळ्या पडून वर आलेला नाही. नाणेघाटाच्या माथ्यावर उभं राहून बघा. जुन्नरकडून येताना जमीन गवताळ, जवळजवळ सपाट असते. डोंगर चढल्याचं पायांना जाणवतही नाही. दगडी रांजणाशेजारून पुढे गेलात की जमीन तुटते आणि खाली कोकण दिसतं. म्हणजे एका बाजूने पठार, दुसऱ्या बाजूने डोंगर. हा पठाराचा कडा आहे. त्यात जिथे फट सापडली तिथे सातवाहनांच्या काळात लोकांनी वाट काढली, तो घाट. कड्याला घाट असतात, आणि त्या घाटांवरूनच परक्यांनी कड्याला ओळखलं.

हा कडा झाला कसा, यावर दीडशे वर्षांहून जास्त काळ वाद आहे. १८३०च्या दशकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या खडकाविषयी लिहिलं. आडव्या थरांवर थर, मैलोन्‌मैल सपाट, हे पाहून तो थक्क झाला होता. १८५१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झालं आणि ब्लॅनफर्ड वगैरेंनी या थरांची पद्धतशीर मांडणी केली. जुन्या अभ्यासकांपैकी काहींना हा समुद्राने कापलेला कडा वाटे, काहींना प्रस्तरभंगाने, म्हणजे खडक तुटून, किनाऱ्याकडचा भाग खाली गेला असं वाटे. १९४९ साली जे. बी. ऑडन यांनी पनवेलजवळचे थर पश्चिमेकडे वाकलेले असल्याचं मांडलं (कवी ऑडन यांचे हे सख्खे भाऊ, आपल्या सर्वेक्षणात नोकरीला होते). मग १९८५ साली क्लिफ ऑलिअर आणि के. बी. पोवार या अभ्यासकांनी म्हटलं, हा कडा झिजत झिजत मागे सरकत इथे आलेला आहे. म्हणजे मूळ कडा किनाऱ्याच्या बाजूला होता आणि कोकणातले सुटे डोंगर हे त्याने मागे टाकलेले तुकडे. पुणे विद्यापीठातल्या विश्वास काळे यांनी पुढे खोऱ्यांची मापं घेऊन, इथली जमीन खरंच किती उचलली गेली, हे तपासलं.

नद्या बघा ना! कृष्णा महाबळेश्वरला उगवते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर. तरी ती तिकडे पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. हे कोडं मुलांना नक्की घाला. कडा कळला की कोडं सुटतं : कड्याच्या माथ्यापासून पठार पूर्वेकडे उतरत जातं.

प्रतिसाद

वरच्या उत्तरात भर. दख्खनच्या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द स्वीडिश ‘ट्राप्पा’वरून आला, अर्थ जिना, पायऱ्या. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. कठीण काळा थर टिकून उभा राहतो, वरचा सच्छिद्र, ठिसूळ थर झिजून गवताची पट्टी होते. पावसाळ्यात समोरून पाहिलं की काळं-हिरवं, काळं-हिरवं असे टप्पे मोजता येतात. घाटवाटाही कड्याला सरळ भिडत नाहीत. हिरव्या पट्टीवरून आडवं जायचं, नाळ म्हणजे कड्यातली अरुंद घळ गाठायची, एक टप्पा चढायचा. परक्यांना खडकात पायऱ्या दिसल्या आणि आपल्याकडे पायऱ्यांना आधीपासून घाट म्हणतातच. दोन दूरच्या भाषा एकाच दृश्यापाशी आल्या, याचा मला फार आनंद होतो.

‘पूर्व घाट’ मात्र मुलांना शिकवताना जपून. पश्चिम घाटाला जोड म्हणून ते नाव पडलं. तिथे असा सलग कडा नाही. खडक निराळे, कितीतरी जुने, आणि महानदी, गोदावरी, कृष्णा त्या डोंगरांना भेदून आरपार जातात. नाव सारखं म्हणून घडण सारखी, असं मुलांच्या मनात बसतं आणि मग निघत नाही. केरळातलं ‘पालघाट’ तर घाटच नव्हे. मूळ नाव पालक्काड, त्यातला ‘काड’ म्हणजे रान.

प्रतिसाद

शास्त्राच्या नावाबद्दल. ‘भू-आकृतिविज्ञान’ हिंदीत रुळलेलं आहे, आपल्याकडे ‘भूरूपशास्त्र’ सुटसुटीत. सातवीला तेच द्या.

पण समजावताना ‘घाट’ याच शब्दाचा तिसरा अर्थ वापरा. आपण म्हणतो, ‘तांब्याचा घाट छान आहे’, ‘घाटदार मडकं’. हा घाट ‘घडणे’च्या कुळातला, वाटेचा घाट वेगळ्या मुळाचा, पण मराठीत दोघे एकाच रूपात नांदतात. जमिनीला हा घाट कसा आला, तो पावसाने, नदीने, वाऱ्याने कसा बदलला, याचं शास्त्र म्हणजे भूरूपशास्त्र. कुंभाराचं चाक पाहिलेल्या पोराला एवढ्यात कळतं. आणि कड्यासाठी ‘प्रपाती कगार’ असले शब्द कृपा करून भिंतीवर नकोत. कडा, सुळका, नाळ, खिंड, घळ, सोंड, सडा, माळ हे शब्द असताना कशाला?

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. नवा मजकूर असा : ‘आपला तालुका सह्याद्रीच्या कड्याखाली आहे. कड्यावर देश, कड्याखाली कोकण. मधल्या वाटा म्हणजे घाट.’ काकांना वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि खाली उरलेल्या जागेत आपल्या भागातल्या अकरा घाटवाटांची नावं सांगितली. त्यांतल्या चार मला माहीतच नव्हत्या. आज त्या रंगवून होतील.