खिडक्या बदलल्यात का कोणी? तुमचे अनुभव लिहा

पागोळी
काल संध्याकाळी वळीव आला आणि पलंगावरची गादी भिजली. आमची पंचवीस वर्षांची ॲल्युमिनियम स्लायडिंग. तिच्या खाचेत पाणी साठतं आणि ओसंडून थेट आत. जुने पंचे कोंबत बसले होते तेव्हा आजोळची खिडकी आठवली. गुहागरजवळचं घर, फणसाच्या फळ्यांची दारं. जूनमध्ये इतकी फुगायची की आजी खांदा लावून ढकलायची आणि एकदा बसली की दिवाळीपर्यंत उघडायची नाहीत. आजोबा म्हणायचे, "बरं झालं, मांजर येणार नाही." मांजर कौलांतून यायचं.

तर आता यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या खिडक्यांचा विचार आहे. दोघे जण माप घेऊन गेले. एक म्हणतो पांढरंच घ्या, दुसरा म्हणतो लाकडासारखं तपकिरी घ्या, लुक येतो. ज्यांनी केलंय त्यांनी बरंवाईट सगळं लिहा. विकणाऱ्यांनी कृपया लांब राहा.

ऊन_नागपूर
तपकिरी घेऊ नका.

पागोळी
अहो, का ते तरी सांगा!

ऊन_नागपूर
भात लावून आले. पश्चिमेची खिडकी, गडद तपकिरी. मे महिन्यात दुपारी तीनला लॉक लागत नाही, रात्री दहाला लागते. पहिल्या वर्षी मला वाटलं नवऱ्यालाच लावता येत नाही. मग मिस्त्रीनं समजावलं. पीव्हीसी तापलं की लोखंडाच्या कितीतरी पट वाढतं, मीटरभर पट्टी तीस अंशांनी तापली तर दोनेक मिलिमीटर. गडद रंग ऊन जास्त पितो आणि बसवणाऱ्यानं तेवढी जागाच सोडली नव्हती. उत्तरेच्या पांढऱ्या खिडक्या अजून ठणठणीत.

आणि विदर्भवाल्यांनो, कूलर! कोणी विचारतच नाही. स्लायडिंग अर्धीच उघडते, कूलरचं तोंड त्यात बसत नाही. आम्ही दर मार्चमध्ये एक पल्ला काढून माळ्यावर ठेवतो आणि उरलेल्या जागेत प्लाय ठोकतो. एवढा पैसा ओतून शेवटी प्लायच.

चहाबाज
"नवऱ्यालाच लावता येत नाही" हे आमच्याकडे प्रत्येक वस्तूचं पहिलं निदान असतं.

सदाशिव_पेठी
पैसे देण्याआधी तांब्याभर पाणी ओता. खालच्या खाचेत. बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, त्यातून पाणी भिंतीवर जायला हवं. आमच्याकडे रंगाऱ्यानं पुट्टी मारताना ती भोकं बुजवून टाकली, वर हात फिरवून गुळगुळीतही केली. पहिल्या मोठ्या पावसात दिवाणखान्यात तळं. खिडकीवाला म्हणे रंगारी, रंगारी म्हणे खिडकीवाला. शेवटी मीच गादी शिवायची दाभण घेऊन एकेक भोक मोकळं केलं. सात होती.

दुसरं, पट्टीच्या आत लोखंडी पट्टी आहे का बघा. नुसतं प्लास्टिक असेल तर मोठा पल्ला वाकतो. जरा जोरकस चुंबक लावून बघायचं, चिकटलं तर आहे.

पागोळी
चुंबक! हे कोणी सांगितलं नव्हतं.

मालवणी_वारो
समुद्राजवळ असाल तर प्लास्टिक गंजत नाही म्हणून खूश होऊ नका, स्क्रू गंजतात. आमच्याकडे दोन पावसाळ्यांत बिजागऱ्यांतून लाल ओघळ. सगळे स्टेनलेस घेतले, मग शांतता. बाकी झड एवढी येते की छज्जा नसेल तर कोणतीही खिडकी गळणारच. लहानपणी पडवीला झापांची झडी, म्हणजे पावसाचा आडोसा बांधायचो, दर वर्षी नवी. गळायची तीसुद्धा, पण तिचं बिल यायचं नाही.

श्रीवर्धनची_सून
निसर्ग वादळात (३ जून २०२०) आमची सागाची जुनी दारं टिकली, नव्या स्लायडिंगचा पल्ला खाचेतून उचलला जाऊन अंगणात. सासूबाई अजून पाहुण्यांना ती जागा दाखवतात.

परसदार
अवांतर, पण मी अमेरिकेत. इथे कित्येक घरांना खिडकीच्या दोन्ही बाजूंना व्हिनाइलची शटरं असतात. पहिल्या हिवाळ्यात मी बाहेर जाऊन ती ओढून बंद करायचा प्रयत्न करत होतो. हलेनात. शेजारच्या आजोबांनी बघितलं आणि हळूच सांगितलं की ती भिंतीला स्क्रूने ठोकलेली आहेत, नुसती शोभेची! खिडकी एवढी रुंद आणि शटर वीतभर, बंद केली असती तरी मध्ये मोठी फट. आता आम्हीच बदलतोय तर बायकोचा हट्ट, प्रत्येक शटर खिडकीच्या निम्म्या रुंदीचं हवं, निदान खोटं तरी पटेल असं. गडद निळा रंग हवा तर सोसायटीची परवानगी. जुनी काढली तर मागे गांधीलमाशांचं घरटं निघालं. जपून काढा.

चहाबाज
शोभेची दारं, खरी गांधीलमाशी. झकास.

र्‍हाइनकाठ
आमच्याकडे जर्मनीत उलट, रोलाडेन म्हणजे खिडकीबाहेरची गुंडाळायची शटरं खरोखर बंद होतात. पट्ट्यापट्ट्यांचं पीव्हीसी, भिंतीतला पट्टा सैल सोडला की खाली, ओढला की वर. उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्याशिवाय मूल झोपत नाही. आई आली तेव्हा भर दुपारी मिट्ट काळोख बघून विचारते, कोण गेलं?

ऊन_नागपूर
काकूंचा नंबर द्या, जमेल आमचं.

तिसवाडी
गोव्यात मामाच्या घरी काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं आहेत. दुधासारखा उजेड येतो. मामी दर वर्षी म्हणते बदलूया, मामा ऐकत नाही. उपयोगाचं काही सांगत नाहीये, आठवलं म्हणून.

पागोळी
सगळ्यांना धन्यवाद. पांढरं घेतेय. झोपायच्या खोलीला दारासारखी बाहेर उघडणारी, म्हणजे ग्रील आतून घ्यावं लागणार आणि मिस्टरांचे टॉवेल वाळत घालायची जागा गेली. त्यावरून सध्या घरात अबोला आहे. दरात जाळी धरलीय का हे विचारायचं राहिलंच.

सदाशिव_पेठी
जाळी वेगळीच लावतात. आणि जुने ॲल्युमिनियमचे पल्ले "आम्हीच उचलून नेतो ताई" म्हणतील. देऊ नका. भंगारवाला वजनावर घेतो, काच आधी काढायला लावा.