तलावाच्या जागेवरील आरक्षण बदलण्याबाबत सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

मनीषाताई (ब-२०३), सकाळी ७.१०
आजच्या वर्तमानपत्रातील नगरपालिकेची जाहीर सूचना सर्वांनी वाचावी, ही विनंती. मागच्या रस्त्यावरील पोहण्याच्या तलावाच्या जागेचे आरक्षण बदलून तेथे व्यापारी संकुल उभारण्याचा प्रस्ताव आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार हरकती देण्यास सूचनेच्या तारखेपासून एक महिन्याची मुदत आहे. तलाव दुरुस्तीसाठी म्हणून बंद झाला, तेव्हाही या ग्रुपवर दोन दिवस चर्चा रंगली होती. अर्ज मात्र कोणीही दिला नाही. या वेळी तसे होऊ नये.

महाजन भाऊ (ब-३०१), सकाळी ७.२२
ताई, तळमळ समजते. परंतु ज्या गावात उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्या गावाने लाखो लिटर पाणी पोहण्यासाठी भरून ठेवावे का? पाणी कुठून आणणार, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे.

आप्पा (क-२०१), सकाळी ७.४५
महाजन भाऊ, पाणीपुरवठा खात्यात माझी सारी नोकरी गेली, म्हणून उत्तर देणे माझे काम आहे. आपला तलाव २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे, म्हणजे तो एकदा काठोकाठ भरायला पावणेचार लाख लिटर पाणी लागते. हा आकडा मोठा वाटतो, कारण ते पाणी रोज बदलावे लागते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तेच पाणी गाळणीतून फिरवून आणि क्लोरिन देऊन हंगामभर वापरता येते. भर घालावी लागते ती उन्हाने उडालेल्या, गाळणी उलटी धुताना गेलेल्या आणि पोहणाऱ्यांच्या अंगाबरोबर बाहेर आलेल्या पाण्याची. मे महिन्यात दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर अडीचशे चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून अडीच हजार लिटर जातात. हे पाच हजार लिटरच्या टँकरचे अर्धे पाणी झाले.

राहुल (ब-१०४), सकाळी ७.५१
आप्पा, त्याहून अधिक पाणी आपल्या ब विंगच्या टाकीतून रोज रात्री गच्चीवर वाहते. तलाव तेथेच सुरू करावा, असा माझा प्रस्ताव आहे.

महाजन भाऊ (ब-३०१), सकाळी ७.५४
ब विंगच्या टाकीचा येथे काय संबंध? फ्लोट व्हॉल्व्हचे पैसे आम्ही मार्चमध्येच भरले आहेत. मोटर कोण चालू ठेवून झोपतो, हे सर्वांना ठाऊक आहे. नाव घ्यायला लावू नये.

सचिव (क-१०२), सकाळी ८.०२
टाकीचा विषय रविवारच्या सभेत घेतला जाईल. कृपया येथे तलावाविषयीच लिहावे.

नाना (अ-१०१), सकाळी ८.४०
महाजन भाऊंचा प्रश्न रास्त आहे आणि तो आजचा नाही. मोहेंजोदडोचे महास्नानगृह १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि सुमारे २.४ मीटर खोल आहे. पाणी मुरू नये म्हणून त्याच्या विटांच्या मागे डांबराचा थर दिलेला आहे आणि शेजारच्या एका खोलीत विहीर आहे. म्हणजे पाणी कुठून आणायचे आणि ते कसे टिकवायचे, या दोन्ही प्रश्नांचा विचार बांधणाऱ्यांनी साडेचार हजार वर्षांपूर्वीच केला होता.

इंग्लंडमध्ये सार्वजनिक स्नानगृहांसाठी १८४६ मध्ये कायदा झाला, तो गरीब वस्त्यांमध्ये अंग धुण्याचीही सोय नव्हती म्हणून. तेथील जुन्या तलावांना गाळणी नव्हती. तलाव भरायचा, पाणी गढूळ होईपर्यंत वापरायचा आणि मग रिकामा करायचा, अशी पद्धत होती. ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट महाग असे आणि पाणी मळत जाई तसे ते स्वस्त होई, म्हणजे गरिबाच्या वाट्याला नेहमी शेवटचे पाणी येई. विसाव्या शतकात गाळणी आणि क्लोरिन आले, तेव्हाच श्रीमंत आणि गरीब यांना एकाच दिवशी एकाच स्वच्छतेच्या पाण्यात उतरता येऊ लागले. लंडनमधील टूटिंग बेकचा उघडा तलाव १९०६ मध्ये सुरू झाला. त्याच्या बांधकामावर बेरोजगारांना काम देण्यात आले होते आणि तो आजही चालू आहे.

महाजन भाऊ (ब-३०१), सकाळी ८.५५
नाना, लंडनला पाऊस पडतो. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. पाणी कुठून आणणार?

आप्पा (क-२०१), सकाळी ९.०४
तलावाच्या आवारातच विहीर आहे आणि तिचे पाणी कोणी पिण्यास वापरत नाही.

महाजन भाऊ (ब-३०१), सकाळी ९.०६
ती विहीर मे महिन्यात तळ गाठते.

आप्पा (क-२०१), सकाळी ९.१५
म्हणूनच तलाव फेब्रुवारीत भरायचा असतो. भरलेला तलाव नीट राखला, तर मे महिन्यात विहिरीकडे फक्त रोजची भर मागावी लागते.

चौधरी साहेब (अ-३०२), सकाळी ९.३०
मी स्पष्टच लिहितो. तलाव चालू होता तेव्हा दुपारी नाल्यापलीकडच्या वस्तीतील मुलांची झुंबड उडत असे. आरडाओरडा, शिवीगाळ, पाण्यात घाण, सगळेच होते. आपल्या घरची माणसे शेवटी तेथे जाईनाशी झाली. संकुल झाले तर परिसर सुधारेल आणि आपल्या फ्लॅटचे भावही वाढतील. ज्यांना पोहायचे आहे, त्यांच्यासाठी महामार्गावरील रिसॉर्ट आहेत.

मनीषाताई (ब-२०३), सकाळी ९.४१
साहेब, रिसॉर्टचे एका दिवसाचे पैसे आपण देऊ शकता. आमच्याकडे पोळ्या करायला येणारी बाई तिच्या दोन मुलींसाठी ते कुठून देईल?

माझे माहेर गिरणाकाठचे आहे. माझे भाऊ विहिरीत पोहायला शिकले. पाठीला रिकामा डबा बांधायचा, आजोबांनी कठड्यावरून ढकलायचे आणि गटांगळ्या खात पायऱ्या गाठायच्या, अशी ती शिकवणी होती. आम्हा बहिणींना विहिरीच्या काठाशीही उभे राहू दिले जात नसे. मी पोहायला शिकले ती लग्नानंतर, या तलावातील महिलांच्या सकाळच्या वेळेत. उथळ बाजूचा लोखंडी पाइप दोन्ही हातांनी धरून कितीतरी दिवस नुसते पाय मारले. माझ्या एका बाजूला डॉक्टरीणबाई असत आणि दुसऱ्या बाजूला भाजी विकणारी मावशी, आणि पाइप सोडायला आम्ही तिघीही सारख्याच घाबरत होतो. बायकांना धड पोहता येईल अशी दुसरी जागा या गावात नव्हती आणि आजही नाही.

नाना (अ-१०१), सकाळी १०.२०
चौधरी साहेबांनी मनातले उघडपणे लिहिले, हे चांगले झाले, कारण तलाव बंद पडण्याचे खरे कारण अनेकदा तेच असते आणि कागदावर मात्र दुरुस्ती, खर्च किंवा पाणी असे लिहिले जाते.

न्यूयॉर्क शहराने १९३६ च्या उन्हाळ्यात, मंदीच्या काळातील रोजगार योजनेतून, अकरा मोठे उघडे तलाव लोकांसाठी खुले केले. त्यांपैकी ब्रुकलिनच्या मॅककॅरन तलावात एका वेळी ६,८०० माणसे मावत. तो १९८४ मध्ये बंद पडला. दुरुस्तीची वेळ आली तेव्हा शेजारच्याच अनेक रहिवाशांनी विरोध केला, कारण तलाव सुरू झाला तर बाहेरच्या वस्त्यांतील मुले येतील, अशी त्यांना धास्ती होती. तो पुन्हा उघडायला २०१२ साल उजाडले. मधल्या २८ वर्षांत शेजाऱ्यांची स्वतःची मुलेही पोहल्याविना मोठी झाली.

मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने तर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय नागरिकांना एकाच पाण्यात उतरू द्यावे लागेल, म्हणून आपले सार्वजनिक तलावच बंद केले आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते वैध ठरवले. आपल्या मुंबईत ब्रीच कँडीचा तलाव दीर्घकाळ केवळ युरोपीयांसाठी राखीव होता.

परंतु आपल्याला इतके दूर जाण्याची गरजच नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला आणि महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला, तरी त्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयातील वाद १९३७ पर्यंत चालला. त्यानंतर आलेल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा नावानिशी उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे कोणालाही अडवता येत नाही. दुकानांत जाण्यासही हेच कलम संरक्षण देते, परंतु संकुलात सर्वांना खुले असलेले पाणीच नसेल. आरक्षण बदलले की या पाण्यावरचा हक्क कोणी काढून न घेताच निघून जाईल, याचे मला फार वाईट वाटते.

चौधरी साहेब (अ-३०२), सकाळी १०.३२
नाना, आपण ज्येष्ठ आहात म्हणून शांतपणे लिहितो. मी जातीचा शब्दही काढलेला नाही. मी अस्वच्छतेविषयी लिहिले. आपण मला कोणाच्या रांगेत बसवत आहात, याचा विचार करावा.

नाना (अ-१०१), सकाळी १०.३८
साहेब, आपल्या हेतूविषयी मी काहीही म्हटलेले नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारीचा शेवट काय होतो, एवढेच मी सांगितले.

आप्पा (क-२०१), सकाळी १०.५०
अस्वच्छतेचा दोष मुलांना देऊ नये. शेवटच्या हंगामात गाळणीची मोटर जळाली आणि ठेकेदाराने ती न बदलता, नुसती ब्लीचिंग पावडर टाकून काही आठवडे तलाव रेटला. उघड्या तलावातील क्लोरिन कडक उन्हात काही तासांत निकामी होते, म्हणून मात्रा सायंकाळी द्यावी लागते आणि दिवसा पुन्हा पुन्हा तपासावी लागते. लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम मोकळे क्लोरिन आणि ७.२ ते ७.८ सामू, एवढे राखले तर पाणी निर्धोक राहते. खोल बाजूची तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली नाही, तर कोणालाही पाण्यात सोडू नये, हा साधा नियम आहे. बुडणारा माणूसही त्या पाण्यात दिसणार नाही. मी स्वतः काठावर उभा होतो आणि मला दुसरी पायरीसुद्धा दिसत नव्हती. उतरण्यापूर्वी अंगावर पाणी घेण्याची सक्ती होती, पण फवाऱ्यांचे नळ चोरीला गेल्यावर नवे बसवले गेले नाहीत. यात नाल्यापलीकडच्या मुलांचा काय अपराध?

चौधरी वहिनी (अ-३०२), सकाळी ११.०५
मी साहेबांहून वेगळे मत लिहीत आहे, याची त्यांना कल्पना आहे. तलाव बंद झाल्यापासून तीच मुले पाटात आणि नदीतील वाळू उपशाच्या खड्ड्यांत उतरतात. पाण्याखाली खड्डा कुठे सुरू होतो, हे वरून कळत नाही. उन्हाळ्यात नदीकडून कोणी धावत येताना दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. उनपदेवच्या गरम पाण्याच्या कुंडावर आपण सगळे जातो, तेव्हा शेजारी कोण उतरले आहे, हे विचारत नाही. येथेच का विचारावे?

महाजन भाऊ (ब-३०१), सकाळी ११.१२
माझा प्रश्न कोणाच्या येण्याजाण्याचा नव्हता आणि नाही. तो तसाच आहे. ज्या वर्षी पाऊस दगा देईल, त्या वर्षी पाणी कुठून आणणार?

आप्पा (क-२०१), सकाळी ११.२०
त्या वर्षी तलाव भरायचा नाही. एक हंगाम कोरडा गेला, तर पुढच्या वर्षी तलाव जागेवर असतो. संकुल झाल्यावर चांगल्या पावसाच्या वर्षीही तो नसेल.

सचिव (क-१०२), सकाळी ११.४५
नाना आणि आप्पा यांनी मिळून हरकतीचा मसुदा करावा. त्यात आरक्षण कायम ठेवणे, गाळणी व मोटर बदलणे, प्रशिक्षित जीवरक्षक नेमणे, महिलांची सकाळची वेळ पूर्ववत करणे आणि टंचाईच्या वर्षी तलाव बंद ठेवण्याचा नियम करणे, या मागण्या असाव्यात. सह्या वैयक्तिक असतील, सोसायटीच्या नावाने अर्ज जाणार नाही. मसुदा उद्या सायंकाळपासून माझ्याकडे मिळेल.

महाजन भाऊ (ब-३०१), सकाळी ११.५३
टंचाईचा नियम मसुद्यात पहिल्या क्रमांकावर असेल, तर मी सही करीन. शेवटी असेल, तर करणार नाही.

चौधरी साहेब (अ-३०२), दुपारी १२.०४
मी माझे म्हणणे नगरपालिकेला स्वतंत्रपणे कळवणार आहे. आमच्या घरातून दोन वेगवेगळे अर्ज जातील, याची नोंद घ्यावी.

मनीषाताई (ब-२०३), दुपारी १२.१०
मसुदा नाल्यापलीकडच्या वस्तीतही नेला पाहिजे. वर्तमानपत्रातील सूचना तेथे किती जणांनी वाचली असेल? मी उद्या सात वाजता जाणार आहे. बरोबर कोण येईल, त्यांनी येथेच लिहावे.

चौधरी वहिनी (अ-३०२), दुपारी १२.११
मी येते.